आबांचा अबोला

"शर्टाला इस्त्री झालीया. तुझ्या आबांस्नी म्हणावं आता आवरा, न्हाईतर गाडी जाईल," आई म्हणाली.

मी जिना उतरून खाली दुकानाशी गेले, तर बंद दाराच्या फटीतून नारिंगी धूर बाहेर येत होता. मला त्याचं काहीही वाटलं नाही. ज्या घरात रोज फोडणी बसते, त्या घरातल्या पोरीला फोडणीच्या वासाचं जेवढं वाटतं तेवढंच.

आम्ही मूळचे विट्याकडचे. आमच्या भागातली माणसं देशभर गलाईची दुकानं चालवतात. लोकांचं जुनं, भेसळीचं सोनं वितळवायचं, मग ॲसिडात उकळून त्यातली चांदी-तांबं काढून टाकायचं आणि शुद्ध सोनं परत द्यायचं, असा हा धंदा. आबा नववीत शाळा सोडून एका नातेवाइकाबरोबर केरळात त्रिचूरला आले, तिथंच त्यांनी दुकान टाकलं आणि मी तिथंच जन्मले. खाली दुकान, मध्ये आम्ही आणि वरच्या मजल्यावर घरमालक.

गलाईत नव्या माणसाला पहिली गोष्ट शिकवतात ती ही, की ॲसिड चालू असताना तोंड उघडायचं नाही. गालात गुळाचा खडा धरायचा, ओठ मिटायचे आणि नाकानं श्वास घ्यायचा. गुळामुळं धूर घशाखाली उतरत नाही असं आमच्यात सगळे मानतात. वर्षानुवर्षं असं काम केल्यावर माणसाला न बोलण्याची सवयच लागते. आबा दुकानात गप्प असत, घरात गप्प असत, लग्नाच्या पंगतीतही गप्प बसून जिलेबी खात. आई म्हणायची, ह्या माणसाबरोबर मी भिंतीशी बोलायला शिकले.

पण मला त्यांचं गप्प बसणं वाचता यायचं, निदान असा माझा दावा होता. दमल्यावरचं गप्प वेगळं, हिशेब चुकल्यावरचं वेगळं, आणि राग आल्यावरचं तर फारच वेगळं. रागावले की ते तोंड फिरवून बसायचे आणि समोरच्यानं पडतं घेतल्याशिवाय एक शब्द बोलायचे नाहीत. धाकट्या भावाशी, म्हणजे तात्यांशी, त्यांनी असा एक अख्खा उन्हाळा अबोला धरला होता.

दार उघडून ते बाहेर आले. डोळे लाल झाले होते. आम्ही निघायच्या आधी एका सराफाचा माल द्यायचा होता, म्हणून घाईत त्यांनी सगळं ॲसिड एकदम ओतलं होतं. ते उसळून भांड्याबाहेर आलं आणि खालच्या पोत्यावर सांडलं. धूर वर गेला की मालक ओरडायचा, म्हणून दार-खिडकी लावून घेऊन त्यांनी आतच सगळं निस्तरलं.

"लई धूर झाला व्हय?" आम्ही वर आल्यावर आईनं विचारलं.

"रोजचाच की," आबा म्हणाले. थोडं खोकले, ग्लासभर दूध प्याले, गुळाचा खडा तोंडात टाकला आणि आंघोळीला गेले. बाहेर आले तेव्हा इस्त्रीचा पांढरा शर्ट, भांग पाडलेला, अगदी नवरदेव.

"शाळंत तू चालली हैस का मी, कळंना," ते मला म्हणाले. आबांनी थट्टा करायची म्हणजे दिवस मोठाच होता.

आणि तो होताही. डोंगरावरच्या एका निवासी शाळेनं मला बोलावलं होतं. तिथं अकरावी-बारावीच्या जागी दोन वर्षांचा आंतरराष्ट्रीय डिप्लोमा असतो. आमच्या साध्या शाळेतल्या एका बाईंनी माझं नाव पाठवलं, परीक्षा झाली आणि माझी निवड झाली. राहण्या-शिकण्याचा सगळा भार शाळा उचलणार होती. फक्त मुलीनं पालकांसमोर बसून हो म्हणायचं होतं. तेवढंच माझ्याच्यानं होत नव्हतं.

मला जायचं नव्हतं. कारण काही थोर नव्हतं. मला घरी राहायला आवडायचं. शेजारच्या सरकारी शाळेत माझी मैत्रीण षीजा जाणार होती, तिच्याबरोबर जायचं, संध्याकाळी आईबरोबर बाजारात जाऊन तिच्या वतीनं मल्याळममध्ये घासाघीस करायची, पुढं जमलं तर औषधांचं शिक्षण घ्यायचं. एवढं मला पुरेसं होतं. पण आबांनी ती बातमी ऐकल्यापासून दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितली होती. गप्प माणसानं सगळ्या गावाला सांगितलेली गोष्ट मोडायची कशी?

शाळेत आम्हाला कुरियन मॅडमनी बसवून घेतलं. डिप्लोमाचं सगळं त्याच बघत. पिकलेले केस, सुती साडी, आणि गोड बोलायची अजिबात हौस नाही.

"सहा विषय," त्या म्हणाल्या. "शिवाय स्वतः प्रश्न शोधून त्याच्यावर एक मोठा निबंध. शिवाय समाजकार्य. शिवाय एक तास असा, की ज्यात फक्त एवढंच विचारतात, तुला जे माहीत आहे ते तुला कशावरून माहीत आहे. पहिल्या वर्षी बऱ्याच मुली रडतात. ज्या आई-वडिलांसाठी येतात त्या जास्त रडतात. म्हणून विचारते, यायचंय कुणाला? तुला की यांना?"

मी आबांकडं पाहिलं. ते ताठ बसले होते, हात गुडघ्यांवर.

"दोघांनाही," मी म्हणाले.

"त्यांना यायचंय हे तुला कसं कळलं? ते तर काहीच बोलले नाहीत."

"ते बोलत नाहीतच, मॅडम. मला त्यांच्या गप्प बसण्यावरून कळतं."

मॅडम हसल्या. आबाही थोडे हसले आणि त्यांना ठसका लागला. मॅडमनी पाणी मागवलं. पाणी पिऊन आबा त्यांच्या मोडक्यातोडक्या मल्याळममध्ये म्हणाले, "मॅडम, आमची पोरगी हुशार आहे. मी सोनं तपासतो, मला खरं-खोटं कळतं." एवढं वाक्य बोलायलाही त्यांना मध्ये थांबावं लागलं. मला वाटलं, भारावून गेलेत.

मग एका मोठ्या मुलीनं मला वसतिगृह दाखवलं. प्रत्येक टेबलावर पुस्तकांच्या चळती, भिंतीवर कामांचे तक्ते. एक मुलगी उघड्या पुस्तकावर डोकं ठेवून झोपली होती आणि तिला कुणी उठवतही नव्हतं.

"कसं आहे इथं?" मी विचारलं.

"मला विचारू नकोस," ती म्हणाली. "मी सोडून जायचा अर्ज दोनदा लिहून फाडलाय. पण चांगलं आहे म्हणतात."

तिथंच माझं ठरलं. मॅडमना मी सांगितलं, "घरी आईशी बोलून सोमवारी कळवते." आबांनी माझ्याकडं चमकून पाहिलं.

परतीच्या बसमध्ये त्यांना खिडकीची जागा मिळाली. बस घाट उतरायला लागली. खिडक्यांना काचा नसतात तिकडं, नुसते ताडपत्रीचे पडदे गुंडाळलेले, त्यामुळं वारा आणि इंजिनाची घरघर सगळी अंगावर. मी बराच वेळ शब्द जुळवत राहिले आणि मग बोलून टाकलं.

"आबा, मला न्हाई जायचं त्या शाळंत."

ते काही बोलले नाहीत.

"मला जमणार न्हाई असं न्हाई. पण मला जायचंच न्हाई. मी हितंच शिकते. तुमच्याजवळ."

त्यांनी तोंड खिडकीकडं वळवलं. पुढच्या सीटच्या दांडीवर दोन्ही हात टेकले आणि वाकून बसले. खांद्यावरचा टॉवेल तोंडावर धरला. मला वाटलं, धुळीसाठी. मग वाटलं, माझं तोंड बघायचं नाही म्हणून.

"रागावला का?"

नुसती मान हलली. हो की नाही, तेही कळलं नाही.

मग मलाही राग आला. सोळा वर्षांच्या पोरीला राग यायला काय लागतं. मनात म्हटलं, धरा अबोला, मी पण धरते. माझं आयुष्य, माझी दोन वर्षं, आणि मी साधं नको म्हणायचं नाही? तात्यांशी धरला तसा उन्हाळाभर धरा. मी हाताची घडी घातली आणि समोर बघत बसले. घाट संपला, रबराच्या बागा गेल्या, चहाला बस थांबली. सगळे उतरले. आबा जागेवरच बसून राहिले, तसेच वाकून. मी खाली उतरून चहा प्यायले. त्यांच्यासाठी आणला नाही. परत चढले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता आणि ओठ काळसर दिसत होते. संध्याकाळ होत आली होती, उजेड कमी होता. मी म्हटलं, एवढा राग.

शहराचे दिवे दिसायला लागले तसा माझा धीर सुटला. घरी जाऊन आईसमोर हाच अबोला, उद्या दुकानात हाच, गावच्या यात्रेला जाऊ तेव्हाही हाच. आणि खरं सांगायचं तर माझं त्यांच्यावर फार प्रेम होतं. त्यांनी माझ्याकडं पाठ करून बसावं हे मला सहनच व्हायचं नाही, लहानपणापासून नाही.

"आबा," मी म्हणाले, "बरं. जाते मी. सोमवारी कळवते त्यास्नी. आता तरी बोला."

त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. खूप वेळ पाहिलं. तोंड उघडलं, पुन्हा मिटलं, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात गार होता आणि थरथरत होता. मला वाटलं, आनंदानं.

बसस्टँडवरून घर जवळच, पण ते दोन वेळा भिंतीला टेकले. "काय होतंय?" मी विचारलं, तर हातानंच "चल" म्हणाले. दारात पोचल्यावर ते उंबऱ्यातच बसले. आई धावत आली. तिनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि मला ओरडून सांगितलं, "पळ, रिक्षा आण." मी रिक्षा घेऊन आले तेव्हा आई त्यांच्या तोंडाजवळ कान नेऊन बसली होती.

हॉस्पिटलमध्ये त्यांना लगेच ऑक्सिजन लावला. आईला भाषा येत नव्हती, म्हणून डॉक्टर मलाच विचारत होते. कधीपासून? आत्ताच. ताप? नाही. दम्याचा त्रास? नाही. सकाळी काही वेगळं झालं होतं का?

"काही नाही," मी म्हणाले. "रोजचंच."

खोटं बोलले नाही. आमच्यासाठी ते रोजचंच होतं. सकाळचा धूर मी सांगितला असता तरी फार फरक पडला नसता, हे मी पुढं दोन वेगवेगळ्या डॉक्टरांना विचारून घेतलं आहे. दोघांनी तेच सांगितलं. त्यांचं मला पटलेलंही आहे, बहुतेक दिवशी.

सकाळी आबा गेले. फुप्फुसांत पाणी झालं, एवढंच आम्हाला सांगितलं.

गावी दिवस घातले. तेराव्याला पाहुणे जमले, तेव्हा तात्यांनी विषय काढला. "दुकान मी बघतो. वयनी आन पोरगी गावाकडं ऱ्हातील. पोरीची दहावी झालीया, आता स्थळं बघाय हरकत न्हाई. सांगलीचा एक मुलगा हाय, मदुराईला गलाईच करतोय."

आई पदर सावरून पुढं आली. दिरासमोर, पाहुण्यांसमोर ती कधी बोललेली मी पाहिली नव्हती. "ती शाळंत जाणार हाय. तिनं ह्यांस्नी शब्द दिलाय. मरायच्या आदल्या दिशी."

"खरं का गं?" तात्यांनी मला विचारलं.

"खरं हाय," मी म्हणाले. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडा असं म्हणायची कुणाची टाप नव्हती. विषय तिथंच संपला, लग्नाचाही आणि माझ्या मर्जीचाही. मला जायचंय की नाही हे त्यानंतर कुणी विचारलं नाही, मी स्वतःलाही नाही.

मी गेले. रडले, कुरियन मॅडमनी सांगितलं होतं त्याहून जास्त. त्या पहिल्या वर्षात मला त्या शाळेचा, त्या पुस्तकांचा आणि कधी कधी आबांचाही राग यायचा. वाटायचं, तुम्ही अबोला धरलात, मला बांधून ठेवलंत आणि निघून गेलात.

दुसऱ्या वर्षी रसायनशास्त्राच्या सरांनी काचेच्या बंद कपाटात तांब्यावर नायट्रिक ॲसिड ओतून दाखवलं. नारिंगी धूर उठला. मुलींनी माना पुढं केल्या, रंग सुंदर दिसतो म्हणून. सर म्हणाले, "रंगाला भुलू नका. हा वायू जास्त गेला तरी माणसाला लगेच काही होत नाही. थोडा खोकला येतो, थांबतो. माणूस दिवसभर हिंडतो-फिरतो, म्हणतो मी ठीक आहे. मग काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरायला लागतं. तो पुढं वाकून बसतो, हात टेकून. आणि बोलायचा बंद होतो, कारण एक वाक्य पुरं करण्याएवढाही श्वास त्याच्यात उरत नाही."

मी वर्गाबाहेर गेले आणि मागच्या पायरीवर बसले. तो अबोला नव्हताच. घाटात नव्हता, चहाच्या थांब्यावर नव्हता. माझ्या शेजारी बसून आबा बुडत होते आणि मी हाताची घडी घालून त्यांची जिरवत होते. आणि ज्या रागाला घाबरून मी हो म्हणाले, तो राग त्यांना आलाच नव्हता. मग त्यांना काय वाटलं होतं? मी नको म्हणाले तेव्हा त्यांना वाईट वाटलं की बरं वाटलं? ते मला आता कुठून कळणार होतं.

डिप्लोमा पुरा झाला. चांगला झाला. पुढचं शिक्षण झालं, नोकरी लागली, लोकांनी आईकडं पेढे मागितले. पण बसमधलं ते मी कुणालाच सांगितलं नाही. आईला तर नाहीच. तिला काय सांगायचं, की तुझा नवरा मरत होता आणि मी त्याच्याशी भांडत होते?

सांगितलं ते खूप वर्षांनी. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी बेंगळुरूहून रजा काढून मिरजेला आले होते. नर्सनं तिच्या डोळ्यांत थेंब घातले आणि डोळे मिटून बसायला सांगितलं. रांगेत बाकावर आम्ही दोघी, तिचे डोळे मिटलेले. ती मला बघू शकत नव्हती, म्हणूनच बहुधा मला बोलता आलं. बस, घाट, माझं नको म्हणणं, चहा, माझं हो म्हणणं, आणि मग सरांनी सांगितलेलं. सगळं सांगितलं.

तिनं मांडीवरचा पदर नीट केला. मग म्हणाली, "तू नको म्हणलीवतीस, त्ये मला ठाऊक हाय."

"कसं?"

"तू रिक्षा आणाय गेलीस तवा बोलले मला. एकेक शबूद तोडून. म्हणले, पोरगी नको म्हणत हुती. माझ्याकडं बघून हो म्हणली. तिला नीट इचार. जायाचं नसंल तर धाडू नको. ऱ्हाऊ दे हितंच."

"मग तू मला विचारलं नाहीस."

"न्हाई."

"गडबडीत विसरलीस?"

"इसरंन कशी? त्येंचं शेवटचं बोलणं हुतं त्ये." तिनं मिटल्या डोळ्यांनी माझा हात चाचपून धरला. "तुला इचारलं असतं तर तू न्हाई म्हणली असतीस. मग तात्यांनी त्याच साली तुला त्या मदुराईवाल्याच्या गळ्यात बांधली असती. आन तू बी माझ्यावानी इस्त्रीचा शर्ट घिऊन दारात हुबी ऱ्हायली असतीस, आतनं धूर येतोय त्ये बघत. म्हणून न्हाई इचारलं. चारचौघांत तुझा शबूद पुढं केला, आन त्येंचा मोडला."

आमच्या पुढच्या म्हाताऱ्याला आत नेलं. नर्स दारात येऊन आईचं नाव पुकारू लागली. आई उठली, पण माझा हात सोडला नाही.

"मग आता सांग," ती म्हणाली. "खरंच जायाचं नव्हतं तुला?"

इतक्या वर्षांत हे मला पहिल्यांदा कुणी विचारत होतं. दुसरं काही सांगून तिचं ओझं हलकं करता आलं असतं.

"नव्हतं, आई."

"वाटलंच मला," ती म्हणाली. नर्सनं तिचा दंड धरला तशी ती वळली. "मग बरं झालं, न्हाई इचारलं."